आठवी माळ

बाथरूममधला शॉवर अजून सुरूच होता. अर्धा तास होऊन गेला. देवघरापुढे बसलेल्या मीनाक्षीची आठवी माळ चालली होती आणि मनात मात्र पाणी. सासऱ्यांच्या, अण्णांच्या, अंघोळीला रोज एवढं पाणी लागतं कशाला? आज जप झाला की त्यांना अंघोळ घालणाऱ्या मिस्टर बेन्टमना सांगायचंच, तिनं ठरवलं. अकरा माळा होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे.

अमेरिकेतल्या त्यांच्या नेपरव्हिलमध्ये रात्रभर बर्फ पडला होता. शाळेला सुट्टी. केया पायजम्यातच धावत आली आणि तिनं फोन आईच्या डोळ्यांपुढे धरला.

"आई, माहितेय, तू बोलणार नाहीस. जस्ट लुक."

जुनं, धुरकट चित्रण. घानामधलं कुठलं तरी स्टेडियम, माणसांनी गच्च. पांढऱ्या सुटातला एक सडपातळ तरुण एक ओळ गात होता आणि माइक लोकांकडे करत होता. पुढची ओळ अख्खं स्टेडियम गात होतं.

"ओळखलंस? आपले मिस्टर बेन्टम! काल मी विचारलं, डू यू सिंग? तर म्हणाले, अ लिटल, लाँग अगो. अ लिटल! आई, ही वॉज ह्यूज."

मीनाक्षीनं बोटानं स्क्रीन वर सरकवला. लोकांनी काय काय लिहिलं होतं. 'आमच्या लग्नात हेच गाणं वाजलं.' 'अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले ते परत आलेच नाहीत.' 'आहेत कुठे आता?' त्याखाली कुणीतरी उत्तर दिलं होतं, 'आवाज गेला म्हणे त्यांचा.'

मणी बोटांतच राहिला.

दिवाळीनंतर मिस्टर बेन्टम अण्णांची देखभाल करायला येऊ लागले. पहिल्याच सकाळी अण्णांना मोजे घालताना गात होते. ती इथंच जपाला बसलेली. बोलायचं नव्हतं म्हणून तिनं वळून ओठांवर बोट ठेवलं. ते तिथल्या तिथे थांबले. नंतर त्यांना समजावून सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं ती स्वतःला सांगत आली. खरं तर घर शांत झालं ते तिला बरंच वाटलं होतं.

ती उठली. जप अर्धा टाकून ती कधी उठली नव्हती.

बाथरूमच्या दाराशी आल्यावर ऐकू आलं. पाण्याच्या आवाजाखाली कुणीतरी दबक्या स्वरात गात होतं. ओळ अर्ध्यावर थांबली, आणि दुसऱ्या एका खरखरीत आवाजानं ती अडखळत पुरी केली. त्याच परक्या भाषेत.

अण्णा. पक्षाघात झाल्यापासून सहा महिन्यांत ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

तिनं दार ढकललं. अण्णा कोरडे, स्वेटर घालून, केस विंचरून खुर्चीवर बसले होते. शॉवर रिकाम्या टबात पडत होता.

मिस्टर बेन्टम दचकून उठले. "सॉरी मॅडम. वुई आर फिनिश्ड."

"नो, नो," ती म्हणाली. आठव्या माळेत ती बोलली. "प्लीज, यू सिंग. अण्णा, तुम्हीपण म्हणा ना."

मिस्टर बेन्टमनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या माळेकडे पाहिलं. मग धड असलेला डावा हात सावकाश वर नेला आणि ओठांवर बोट ठेवलं.