जाळीला मिळालेला ठोका

इचलकरंजीतल्या कारखान्यात भर दुपारी वीज गेली. कोल्हापुरात पात्रवळे नावाच्या ट्रकचालकाची छाती शस्त्रक्रियेसाठी उघडून झाली होती. कारखान्यातल्या मालन आणि फातिमा चकलीवरून सकाळपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पात्रवळेंच्या थकलेल्या हृदयावर चढवायची कृत्रिम धाग्याची जाळी धुऊन, तेल काढून गरम चौकटीवर ताणलेली होती. गार होईपर्यंत तिला जो ठोका मिळेल, तोच ती जन्मभर देते. ठोका देणारं यंत्र बंद पडलं, जाळी सैल झाली आणि मालनने यंत्रमागावरच्या सवयीने खालून तळवा लावला.

"मावशी, आता हात काढू नका!" कारखान्याचा निरीक्षक बिराजदार ओरडला. "ती तुमची नाडी शिकायला लागलीय. अर्धवट राहिली तर वाया जाईल."

"मग दुसरी द्या."

"दुसरी धुऊन व्हायला आठवडा लागतो. पात्रवळेंकडे दोन तासही नाहीत."

फातिमाने मालनचं दुसरं मनगट धरलं. "अगं, केवढी पळतीय! असं पळत जगायचं का त्या माणसानं?"

"शांत हो म्हटल्यावर कुणी शांत होतं का?"

"चकली मीच खाल्ली. मऊ पडली होती."

"मऊ? माझी चकली?"

बिराजदारने कपाळाला हात लावला.

"कुरकुरीत होती गं. म्हणून तर खाल्ली."

मालनला हसू आलं. मग तिची नाडी हळूहळू संथ झाली. फातिमाने मनगट सोडलं नाही. जाळी गार झाली. मालनने तळवा काढला, तरी ती संथ हलत राहिली.

बऱ्याच वर्षांनी मालन वारली, त्या सकाळी पात्रवळे त्याच ठोक्यावर जोतिबाच्या पायऱ्या चढत होते.