सूनबाईंचा सल्ला

सकाळचे ऊन आधी समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर टेकले, मग गच्चीच्या कठड्यावरून घसरत खिडकीच्या गजांपर्यंत आले, आणि आत यावे की नाही हे ठरत नसल्यासारखे तिथे जरा वेळ रेंगाळले. शेवटी ते टेबलावरच्या ट्रेमध्ये उतरले. घासण्यासाठी मांडून ठेवलेल्या चष्म्याच्या बारा काचा एकेक करून उजळल्या. प्रत्येकीत खिडकी होती, नखाएवढी, उलटी. यंत्र सुरू झाले की हे सगळे पाण्याखाली आणि घासायच्या पांढऱ्या लगद्याखाली जाणार होते. म्हणून तो रोज दहा मिनिटे आधी येत असे.

"लागली का समाधी?" अण्णांनी पिशवी खुंटीला अडकवली. "काल आणखी आठ टक्के वर गेला, पाहिलंस? आणि आपण दोघं काचा घासतोय."

"पाहिलं."

"सूनबाई काय म्हणतात?"

"थांब म्हणतेय."

"अजून?"

"अजून."

अण्णा महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. चाळीस वर्षांचा फंड त्यांच्या खात्यात आधीच जमा झाला होता. एआयच्या यंत्रांसाठी चिप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर वर्षभरात दुप्पट झाला होता, आणि निम्मा फंड त्यात घालावा की नाही, या एकाच प्रश्नावर अण्णांची झोप उडाली होती. बाजारातले त्यांना काही कळत नसे. पण त्याची बायको, जिला अण्णा मायेने सूनबाई म्हणत, दूरच्या शहरात, त्याच चिपा थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या कारखान्यात इंजिनियर होती. हिवाळ्यात ती तिकडे रुजू झाली होती. आतल्या माणसाचा शब्द म्हणून अण्णांना तिचा शब्द पुरेसा होता.

दोन महिन्यांपूर्वी चहा पिताना त्याने फोन हातातून न सोडता अण्णांना तो शब्द दाखवला होता. थांब. पुढे पूर्णविराम.

"तुला माहीत आहे का," अण्णा ॲप्रन बांधत म्हणाले, "काउंटरवरचा थांबलाय, डोळे तपासणारे डॉक्टर थांबलेत, त्यांचा मेहुणासुद्धा थांबलाय. तुझ्या बायकोच्या एका शब्दावर चार संसार खोळंबलेत. अर्थमंत्र्यांचं कोणी इतकं ऐकत नाही."

तो हसला. त्याचेही पैसे तसेच पडून होते. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर तो या चिपांविषयीच वाचत बसे: त्या किती तापतात, कोणत्या धातूची पट्टी उष्णता किती लवकर ओढून घेते, मागणी आणखी किती वाढेल. वहीत तो प्रश्न लिहून ठेवी. तिच्याशी बोलणे होईल तेव्हा आपल्यापाशी बोलायला काही असावे, एवढाच त्याचा हेतू होता. वही निम्मी भरली होती.

"आज मात्र ठरवायचंच," अण्णा म्हणाले. "काल मुलाचा फोन होता. म्हणतो, बाबा, निवृत्त झालात की आई आणि तुम्ही इकडेच या, हॉलमध्ये पलंग टाकू. पोरगा वाईट नाही रे. पण मला हॉलमधला पलंग नको. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादरीची घडी घालायची, टीव्ही बंद होईपर्यंत जागायचं. हातात चार पैसे जास्त असतील, तर आपलं घर सुटणार नाही. लाव सूनबाईंना फोन. मीच बोलतो."

"ती कामात असते आत्ता."

"मग मेसेज दाखव."

"दाखवला होता की."

"शब्द दाखवला होतास. नेमकं काय विचारलंस, त्यावर त्या काय म्हणाल्या, ते वाचू दे. महिनाभर थांब, की या भानगडीत पडूच नकोस? थांब आणि थांब यात फरक असतो बाबा. आणि आज मी चुकलो, तर सुधारायला पुढची चाळीस वर्षं कुठून आणू?"

त्याने यंत्राच्या बटणावर ठेवलेला हात काढून घेतला. बॅटरी संपली आहे, असे म्हणता आले असते. डब्यानंतर दाखवतो, असेही म्हणता आले असते. अण्णांनी तेही मानले असते. त्याने हात पुसले, फोन उघडला आणि अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"'शेअर फार वाढलाय. अण्णा विचारत होते, घ्यावेत का?' हां, हा तुझा प्रश्न." ते थांबले. "याच्या खाली तर काहीच नाही. उत्तर कुठंय?"

"वर."

"वर कसं असेल? वरचं आधीचं ना? 'थांब' तर तू हे विचारायच्या आठवडाभर आधीचं आहे." अण्णा आणखी वर गेले आणि तिथून एकेक मेसेज वाचत खाली येऊ लागले. "'जेवलीस का?' 'आज इकडे फार थंडी आहे.' 'एकदा फोन उचल.' 'एकदाच.' 'तू उत्तर दे, नाहीतर देऊ नकोस, मी लिहीत राहीन...'"

पुढचे त्यांनी मोठ्याने वाचले नाही. पुढे तिचा तो एकच शब्द होता.

ऊन ट्रेवरून जमिनीवर आले होते. अण्णांनी फोन त्याच्या हातात परत दिला.

"तुमचं तुम्ही ठरवा, अण्णा," तो म्हणाला. "तिनं शेअरबद्दल काही सांगितलेलं नाही. ती मला सोडून गेलीय."