पाचवीच्या बाई

वर्गभर पोरांच्या गलबल्यात एकेकाचं मन ऐकायला सवड मिळेना, म्हणून रोझलिनबाईंनी कॅनडातल्या सडबरी गावची शाळा सोडली आणि त्या समुपदेशक झाल्या. "पगार कमी आणि रडारड जास्त! खुळ्या आहात, बाई," मुख्याध्यापक हसून म्हणाले होते.

त्यांची जुनी विद्यार्थिनी टेसा कॉलेजात गेल्यावर घरी न सांगता त्यांच्याकडे येऊ लागली. दर बुधवारी ती आतलं सगळं ओतायची आणि बाई ओंजळ धरल्यासारख्या ऐकायच्या. तरीही या हिवाळ्यात टेसानं स्वतःला संपवलं.

अंत्यविधीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि सँडविचेस होती. आपल्याकडे कोण येत होतं, हे समुपदेशकानं माणूस गेल्यावरही सांगायचं नसतं. म्हणून रोझलिनबाई कोपऱ्यात गप्प उभ्या होत्या. टेसाच्या आईनं त्यांना लांबूनच ओळखलं.

"पाचवीच्या बाई ना तुम्ही? लहानपणी टेसाच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असायचं." तिनं बाईंचे गार हात आपल्या हातांत घेतले.

 

"तुम्ही शाळा सोडायला नको होती, बाई. तुमच्याशी बोलली असती, तर वाचली असती हो माझी पोर."