पक्कं काम

बोटीवर जायच्या आदल्या संध्याकाळी विलासने आपली जुनी स्कूटर आईच्या देखत बायकोच्या, नूतनच्या हवाली केली. म्हणाला, "आता तुला कोणाच्या तोंडाकडे बघायला नको." त्याच बैठकीत तिच्या आवडत्या कपाचा तुटलेला कानही त्याने चिकटवून दिला. नूतनला भरून आलं.

तो गेला आणि स्कूटर रुसली. सुरू व्हायची, लगेच बंद पडायची. रत्नागिरीतल्या लॅबमधली चालून आलेली नोकरी त्यापायी हातची गेली. विलास फोनवर हळहळला, "जाऊ दे. तुझ्या नशिबात नव्हती."

शेवटी तिने मेकॅनिक हुसेनभाईंना घरी बोलावलं. त्यांनी घरापुढच्या खळ्यातच कार्बोरेटर उतरवला. त्याचा पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू काही केल्या हलेना. डिझेल पाजून झालं, ठोकून झालं. मग लोखंडी कांब तापवून टेकवली, तेव्हा कुठे फिरला.

नूतन चहा घेऊन बाहेर आली. त्यांना पाहुण्यांचा कप, स्वतःला आपला नेहमीचा.

"वहिनी, हा गंजून जाम झालेला नाय," हुसेनभाई तिच्याकडे न बघता म्हणाले. "पुरा आवळून वरून गम ओतलाय कोणीतरी." त्यांच्या तळहातावर पिवळट, काचेसारखा एक तुकडा होता.

नूतनने हातातला कप उजेडाकडे धरला. कानाच्या जोडावर तसाच पिवळट ओघळ सुकला होता. तिने अंगठ्याने सगळा जोर लावून पाहिला.

कान तसूभरही हलला नाही. विलासचं काम कधी कच्चं नसायचं.