दुसऱ्या ओळीतला अलंकार

“आता दुसऱ्या ओळीतला अलंकार सांगा,” तपासनीस साहेब म्हणाले आणि सहावी-सातवीचा एकत्र वर्ग चिडीचूप झाला.

ओळी मारुतीराव मास्तरांनी स्वतः रचल्या होत्या. शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब आज साहेबांबरोबर येणार होते, त्यांच्यासाठी. पंधरा दिवस मुलींकडून त्या घोकून घेतल्या होत्या. आताच मुलींनी हात जोडून, सुरात म्हटल्या होत्या:

आप्पासाहेब कल्पतरू, छाया ज्यांची थोर,
उपाशी ना निजे येथे विणकराचे पोर!

आप्पासाहेब खुर्चीत ऐसपैस बसून मान डोलावत होते. वडगावातल्या निम्म्या मागांना सूत त्यांचं, आणि विणलेली लुगडी त्यांच्याच दुकानात. महिन्यापूर्वी विणकरांनी मजुरी वाढवून मागितली, तेव्हापासून त्यांनी सूत देणंच बंद केलं होतं. माग थांबले. चुलीही थांबत आल्या. मास्तरांना हे ठाऊक होतं. पण शाळेत हेडमास्तरची जागा रिकामी होती, आणि ती कोणाच्या शब्दाने भरते हेही त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांची विद्वत्ता तशी फार खोल नव्हती. छत्तीस अलंकारांची नावं आणि व्याख्या त्यांना पाठ होत्या. त्यांनी त्या छडीने मुलींच्या हातांवरून डोक्यात घातल्या होत्या. कुणी अर्थ विचारला की छडी दुप्पट.

पहिल्या ओळीतलं रूपक एका मुलीने बरोबर सांगितलं होतं. दुसऱ्या ओळीपाशी सगळ्या अडल्या.

“त्या मागच्या बाई सांगतील?” साहेबांनी बोट केलं.

मागच्या सतरंजीवर जयवंता बसली होती. बावीस वर्षांची, सुबराव विणकराची विधवा लेक. दोन वर्षं ती पोरींबरोबर वर्गात बसत होती. तिला सातवीची फायनल परीक्षा द्यायची होती, पास होऊन मास्तरीण व्हायचं होतं. फायनलच्या फॉर्मवर मास्तरांची सही लागत होती, आणि मास्तर तीन महिने तो फॉर्म टेबलाच्या खणात ठेवून हसत होते.

“ती नुसतीच बसते, साहेब,” मास्तर घाईने म्हणाले. “विणकराची आहे. धड ‘नाही’ म्हणता येत नाही, ‘न्हाय’ म्हणते. तिला कसले अलंकार!”

“उभी राहा,” साहेब म्हणाले.

जयवंता उभी राहिली. पदर खांद्यावर सारखा केला. तिने आधी आप्पासाहेबांकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या पोरींकडे.

“ह्या ओळीत अलंकार न्हाय, साहेब.”

“अतिशयोक्ती!” मास्तर ओरडले. “अतिशयोक्ती आहे ती! तीनदा शिकवली मी!”

“अतिशयोक्ती म्हंजे असलेलं वाढवून सांगायचं, मास्तर,” जयवंता म्हणाली. “मुळात तिळाएवढं तरी खरं असाय पायजे. हितं काय हाय वाढवाय? ह्या पुढच्या चार पोरी काल नुसतं पाणी पिऊन निजल्यात.”

आप्पासाहेबांची मान डोलायची थांबली. पुढच्या चार पोरींनी माना खाली घातल्या, जणू चोरी त्यांचीच पकडली होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मास्तर, बाई म्हणतात ती अतिशयोक्ती नाही. मला पटतं. मग हे काय आहे? तुमची कविता आहे, तुम्हीच सांगा.”

एका विणकरणीकडून हार घ्यायची, तीही आप्पासाहेबांसमोर? मास्तरांनी छत्तीस नावं झरझर चाळली. कुठलं तरी भारदस्त हवं होतं. शिवाय आप्पासाहेबांना गोड लागेल असं. एका नावाच्या शेवटी ‘स्तुती’ होती. तेवढं त्यांना पुरलं.

“व्याजस्तुती, साहेब!” मास्तर छाती काढून म्हणाले. “शुद्ध व्याजस्तुती! अगदी शब्दाशब्दांत!”

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. त्यांना कानाला बरं वाटलं होतं. ते पुढे वाकले आणि पोरींना कौतुकाने म्हणाले, “अस्सं? मग सांगा बघू, व्याजस्तुती म्हणजे काय गं?”

व्याख्या विचारली की सगळ्यांनी एका दमात म्हणायची, ही मास्तरांचीच शिस्त. एकतीस पोरी ताडकन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

“वरवर स्तुती करून आतून केलेली निंदा, ती व्याजस्तुती!”

आप्पासाहेब उठले. त्यांच्यासाठी आणलेला फुलांचा हार टेबलावर तसाच राहिला. ते जोडे घालून तरातरा बाहेर पडले, आणि “आप्पासाहेब, तसं नव्हे, ऐका तर वो, आप्पासाहेब!” करत मास्तर अनवाणीच त्यांच्या मागे धावले. फाटकापर्यंत त्यांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

जयवंताने खणातल्या फॉर्मचं सांगितलं, तसा तपासनीस साहेबांनी खण उघडायला लावला. फॉर्मवर स्वतः सही केली. “पास होशील,” ते म्हणाले. “पण नोकरी लांबच्या गावी माग. आप्पासाहेब तुला इथे टिकू देणार नाहीत. तुझ्या वडिलांना तर ते सूत देतील असं वाटत नाही.”

“ते आताबी देत न्हाईत, साहेब,” जयवंता म्हणाली.

साहेब पुढच्या वर्गाकडे निघून गेले. मास्तर परत आले नव्हते. पोरी एकमेकींकडे बघत उभ्याच होत्या. आजवर त्या जयवंताला आक्का म्हणत आल्या होत्या. पुढच्या रांगेतली सगळ्यांत लहान पोर वळली आणि तिने दप्तर उचलत विचारलं, “बाई, आता घरी जायचं काय?”

जयवंता सतरंजीवरून पुढे आली, फळ्यापाशी गेली.

“न्हाय. बसा,” ती म्हणाली. “धडा व्हायचाय अजून.”