तिसऱ्या रांगेतला चेहरा

“कट! पुन्हा पट्टी सोडली तिने!”

तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईने मान बाहेर काढून पुढे उभ्या लेकीकडे पाहिलं. ही दुसरी वेळ. जमिनीवर चिकटवलेली पांढरी पट्टी ती केवढी, वीतभर. तिच्यावर उभं राहायचं, कॅमेरा जवळ आला की “अब देखो मुझे!” एवढं म्हणायचं, संपलं काम. पण ऐन वेळी लेक अर्धं पाऊल उजवीकडे सरकत होती. दिव्याचा उजेड पट्टीवर पडत होता आणि तिचा चेहरा अंधारात जात होता.

सिनेमा हिंदी होता. नाव कमवायला घर सोडून आलेल्या पोरापोरींचा. गाण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालेली मुलगी प्रेक्षकांतून उठते आणि ओरडते, इतकंच लेकीचं काम. तेवढ्यासाठी तिने चार वर्षं उंबरे झिजवले होते. मागच्या गर्दीत तिची आई बसली आहे, हे इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. आईनेच सकाळी बजावलं होतं, “ओळख दाखवू नकोस. गर्दीवालीची पोर म्हटलं की तुलाही गर्दीतच बसवतील.”

तीस वर्षं आई पडद्यावरच्या गर्दीत होती. लग्नातली पाहुणी, बाजारातलं गिऱ्हाईक, आग लागली की धावत सुटणारी बाई. या धंद्यात गर्दीचा एकच धर्म. चेहरा येऊ द्यायचा नाही. एकदा का चेहरा ओळखू आला, की त्या सिनेमात पुन्हा बोलावणं नाही. कालची पाहुणी आज कोर्टात कशी दिसेल? म्हणून कॅमेरा वळला की मान खाली. लेक चार वर्षांची होती तेव्हा तिलाही ती बरोबर आणायची, आणि कॅमेरा आला की तिचं तोंड आपल्या कमरेत दाबून धरायची. “लप, चिमे, लप.”

तेच आज आडवं येतंय, असं तिला वाटलं. जिला लपायला शिकवलं, तिला आता दिसायचं कसं जमावं?

माणसं पुरवणाऱ्या मुकादमाने तिला सातव्या रांगेत बसवलं होतं. जीव राहिना म्हणून सकाळीच ती गुपचूप पुढे सरकली होती. आता लांबचा शॉट होऊन गेला होता, त्यात जो जिथे दिसला, त्याला तिथून हलायची सोय नव्हती. समोर फक्त लेकीची पाठ दिसत होती.

तिसऱ्यांदा दिवे लागले. लेकीने आधीच्या दोन वेळांसारखंच एकदा मागे वळून पाहिलं. कसायाच्या दारातल्या कोकरासारखं, असं आईला वाटलं. निदान लेकीचा गाल तरी दिसावा म्हणून तिने मान आणखी बाहेर काढली.

कॅमेरा रुळावरून पुढे आला. लेक उठली. आणि या वेळी अर्धं नाही, चांगलं एक पाऊल सरकली.

“कट!” दिग्दर्शकाने डोक्यावरची टोपी काढून खुर्चीवर आपटली. “आता शेवटचं. नाही जमलं तर त्या निळ्या कपड्यातलीला उभी करा.”

निळ्या कपड्यातली तिथल्या तिथे ओठ रंगवायला लागली.

आईच्या शेजारी जजसाहेब बसले होते. तेही गर्दीतलेच. पंचवीस सिनेमांत न्यायाधीशाच्या मागच्या खुर्चीवर बसून निकाल मात्र एकही दिला नव्हता, म्हणून हे नाव. ते तिच्या कानाशी वाकले.

“मावशे, नशीब काढलंस हो! तीनदा कॅमेरा सरळ तुझ्या थोबाडावर आला, आणि तीनदा ती येडी पोरगी मध्ये कडमडली. नाहीतर तुझं पुढच्या वीस दिवसांचं काम गेलंच होतं.”

आईला सकाळची तालीम आठवली. तालमीनंतर दिग्दर्शकाने लेकीला छोट्या पडद्यावर तिचं काम दाखवलं होतं. तेव्हा पडद्यावर आपल्यामागे आईचा चेहरा दिसताच लेकीने दचकून मागे पाहिलं होतं. ती नजर कोकराची नव्हती. आईची मान कुठवर आलीय, ते ती मोजत होती.

“रेडी?” सहायक ओरडला.

लेकीने पुन्हा मागे पाहिलं. आई ताडकन उभी राहिली. वीस दिवसांची चूल पणाला लागली होती.

“मुकादम,” ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, “उद्यापासून माझं नाव कापा. माझा चेहरा येऊन गेलाय.”

“अगं, कुठे आलाय?” मुकादम वैतागला. “मी बघत होतो की! खाली बस!”

“आलाय म्हणते ना! आता लपवण्यात काही राम नाही.”

लेकीचे खांदे क्षणभर आखडले. मग ती समोर वळली.

दिवे लागले. कॅमेरा रुळावरून निघाला. सवयीने आईची मान खाली जायला लागली. तिने खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“अब देखो मुझे!”

लेकीचे पाय पट्टीवरून हलले नाहीत, आणि तिच्या खांद्याच्या मागे, तीस वर्षांत पहिल्यांदाच, तोंडावर सगळा उजेड घेऊन तिची आई बसली होती.