धर्माभाऊंची तोफ

धर्माभाऊंनी टेबलावर मूठ आपटली तसा प्रांतसाहेबांचा चहा बशीत सांडला. गावाच्या मिठागरांवर कंपनीची जेट्टी येणार आणि गावाला साधं विचारलंही नाही, म्हणून भाऊ चिडले होते. मागे अर्धं गाव दाटीवाटीने उभं होतं.

साहेबांनी शांतपणे सांगितलं की जाहीर नोटीस पेपरात आली होती, मुदत संपली आणि गावातून एकही हरकत आली नाही. आता काही करता येणार नाही.

भाऊ आणखीच भडकले. भडकणारच. सारी हयात पत्रकारितेत गेलेली. रेतीचोरांची बातमी काढायला ते त्यांच्याच होडीवर खलाशी म्हणून राबले होते. मंत्र्याने धाडलेला मिठाईचा पुडा त्यांनी भर सभेत उघडला आणि आतलं घड्याळ परत केलं. मुंबईच्या दैनिकाने त्यांची बातमी दाबली, तेव्हा राजीनामा फेकून सरळ मांडव्याची लाँच पकडली आणि गावात ‘खारवारा’ साप्ताहिक काढलं. जाहिरातीच्या पानाकडे ते ढुंकूनही बघत नसत. जाहिरातदार कळला की संपादकाची लेखणी मिंधी होते, म्हणून ते पान पुतण्याने परस्पर लावायचं. भजनात पेटी आणि रविवारी आगरदांड्याच्या धक्क्यावर गळ, एवढेच काय ते शौक. असा माणूस गावाला लाभला होता.

त्यांनी कंपनीला झोडपलं, खात्याला झोडपलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, असली नोटीस मुकाट छापणारा संपादक कंपनीपेक्षा मोठा चोर. नाव सांगा त्याचं. पहिल्या पानावर अब्रू काढतो.”

साहेबांनी फाइल उघडून पुढे सरकवली. भाऊंनी न बघताच ती परत लोटली. कागद कसले दाखवता, माणसं बघा, असं म्हणत त्यांनी तुळसाला पुढे आणलं. तिच्या सासऱ्यापासून सगळे मिठागरातच राबलेले. मिठागर गेलं तर तिची चूलच विझणार होती.

“सांग साहेबांना, तुला कुठे दिसली होती का नोटीस?”

तुळसाने पदर सावरला. साहेबांकडे नाही, भाऊंकडेच बघत ती हळूच म्हणाली,

“दिसली व्हती, भाऊ. तुमच्याच पेपरात. समद्या गावानं वाचली. तुमी छापली म्हंजे हरकतबी तुमीच घेतली असंल, म्हून आमी गप ऱ्हायलो.”